पाण्यातला बांध

मलकापूरचे सुभेदार लालासाहेब पलटणीतून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या दोन धाकट्या भावांचं बोलणं बंद होतं. नानासोची उसाची गाडी भाऊसोच्या रानातून जायची. भाऊसोनं बांध घालून ती वाट अडवली आणि दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहीनासे झाले. आपले डोळे मिटायच्या आत हे दोघं एका जागी बसलेले दिसावेत, एवढीच सुभेदारांची इच्छा. विचार करकरून त्यांना युक्ती सुचली. भांडण जमिनीचं आहे ना? मग जमीनच नको. पाण्यात काही कुणाला बांध घालता येत नाही. हायवेत गेलेल्या रानाचा सामाईक पैसा आला होता. त्यातून कोयनेच्या जलाशयात फिरवायला यॉट करायची, अख्खी भावकी मावेल एवढी. असलं शहाणपण थोरल्या भावालाच सुचतं.

भाऊसोनं गोव्याचा कारागीर आणला, म्हणून तो नानासोला नको. नानासोनं रत्नागिरीचा आणला, त्याचं तोंड बघायलाही भाऊसो आला नाही. शेवटी उरला आष्ट्याचा रहिमान. तो उसाच्या ट्रॉल्या बनवायचा. समुद्र त्यानं पाहिला नव्हता, पण दोघांच्याही ट्रॉल्या त्याच्याच हातच्या होत्या, आणि भावकीत याहून मोठी लायकी नसते.

"तळ कशाचा करू?" रहिमाननं विचारलं.

"लोखंडाचा," नानासो म्हणाला. "आपटली तर दगुड फुटंल."

"फायबरचा," भाऊसो भिंतीकडं बघत म्हणाला. "टाकीवानी निवांत तरंगंल. गंज न्हाई, काय न्हाई."

बैठकांवर बैठका झाल्या, चहाची पातेली रिकामी झाली, कुणी तसूभर हललं नाही. अखेर ठरलं, पुढचा अर्धा तळ लोखंडाचा, मागचा फायबरचा.

"आन् मधी भिंत पायजे," दोघंही एकदम म्हणाले. "ह्येचं पाणी माज्यात नको."

एवढ्या एकमतानंही सुभेदारांना गहिवरून आलं. रहिमान कपाळाला हात लावून म्हणाला, "सुभेदार, ही नाव न्हाई, वाटणी हाय." पण त्यानं ती केली, आणि सवयीनं दोन्ही भागांना मागून लाल रिफ्लेक्टरही ठोकले.

दोन अर्ध्या नावा दोन ट्रॉल्यांवरून घाट चढून गेल्या आणि काठावर जोडल्या गेल्या. नारळही दोन फुटले. नानासो पुढं लोखंडात बसला, भाऊसो मागं फायबरात. सुभेदार कुणाच्याही हद्दीत बसले असते तरी दुसरा रुसला असता, म्हणून ते भिंतीवरच दोन्हीकडं पाय टाकून बसले. रहिमान मागं इंजिनापाशी.

मध्यावर गेल्यावर लोखंडाचा एक सांधा उकलला. पाणी नानासोच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. पण भिंत ओलांडायला त्याचा पाय उचलेना. नाव पुढून खाली गेली, तशी मागून वर उठली, आणि भाऊसो बसल्या जागेवरून घसरत थेट भिंतीला येऊन धडकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांची तोंडं हातभर अंतरावर आली.

"आरं, कुणीतरी बोला रं!" सुभेदार रडकुंडीला येऊन ओरडले.

भाऊसोनं नानासोच्या कमरेला लागलेलं पाणी बघितलं. "नाना, या की हिकडं."

"वाट देतूस?"

"आवं, बुडताय तुमी!"

"बुडू दे. वाट देतूस का?"

"दिली."

"रानातली?"

भाऊसोनं भिंतीवरून हात पुढं केला. "रानातली बी दिली. या आता."

नानासोनं भिंतीवरून पाय टाकला, भाऊसोनं त्याला बखोटीला धरून ओढून घेतलं आणि दोघं एकमेकांच्या अंगावर कोसळले. सुभेदार भिंतीवर बसून ढसाढसा रडले. भिंतीनं मात्र थेंबभरही पाणी मागं येऊ दिलं नाही. रहिमाननं नाव उलटी चालवत काठाला आणली.

उतरल्या उतरल्या तो वेल्डिंगचं सामान काढायला लागला. "सांधा मारून टाकतो, सुभेदार."

सुभेदारांनी डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे, गड्या. ह्यांची पोरं अजून बोलत न्हाईत. दिवाळीला त्यास्नी बसवायचं हाय."