पैनगंगेपलीकडचं पाणी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण उन्हातून चालून आलेल्या माणसानं समोर आलेला भरला तांब्या परत केला, की मला अजून ती एकच केस आठवते आणि बसल्या जागी चुळबुळ सुरू होते. बायको म्हणते, पेन्शनीत निघाल्यावर तरी स्वस्थ बसा. ते जमलं असतं तर पोलीस खात्यात कशाला गेलो असतो!

निजामाची अमदानी होती. हिंगोलीच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. तिकडे लढाई पेटलेली आणि इकडे पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशाच्या ग्यासवर रडतखडत चालायच्या, चढ आला की उतारूंनाच खाली उतरवून ढकलायला लावायच्या. त्यामुळे जो तो रस्त्याला उभा राहून बैलगाडीवाल्यांना हात करायचा.

कनेरगाव नाक्याच्या खालच्या अंगाला पैनगंगा. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. पावसाळ्यात नदी भरली की दोन नावा जोडून वर फळ्या टाकत आणि त्यावर गाडी चढवत. नावाडी भाडं गाडीमागे घ्यायचा, गाडीत बसलेली माणसं फुकट. म्हणून घाटावर ही गर्दी! म्हातारेकोतारे, बाया, फकीर, सगळे गाड्यांमागे फिरायचे, पलीकडपर्यंत बसू द्या म्हणून. गाडीवानही सहसा कुणाला नाही म्हणत नसत.

भाद्रपदात जवळा बाजारकडचा एक जमीनदार ठाण्यात आला. त्याची धाकटी सून विधवा होती, नवरा पटकीनं गेलेला. बाजारच्या दिवशी ती घरातून गेली ती परतली नाही. हिंगोलीच्या रस्त्याला कुणाला तरी दिसली, म्हणून तो माझ्याकडे आला होता. घरचे डाग, म्हणजे दागिने, घेऊन गेली, कुणीतरी फूस लावली आणि डागांसाठी तिला मारून टाकलं, असं त्याचं म्हणणं. कोणते डाग ते त्यानं न अडखळता सांगितलं. मग मी विचारलं, सून दिसायला कशी आहे? गडी पायातल्या वहाणा न्याहाळायला लागला. घरात सून कायम पदर ओढून वावरायची, यानं कधी तिचं तोंड नीट पाहिलंच नव्हतं. मला त्याच क्षणी त्याचा राग आला, पण रागावर तपास चालत नाही. फिर्याद लिहून घेतली.

माझे जमादार जुने, हिंगोलीचेच मुसलमान, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवानाला ओळखणारे. त्यांनी नाक्यावर चौकशी केली तेव्हा जकातीच्या शिपायानं खबर दिली. बाजारानंतर एका म्हाताऱ्या गाडीवानाच्या गाडीत एक तरणी बाई बसून नावेवर चढली होती. एकटी बाई नाक्यावर दिसली की शिपाई नाना प्रश्न विचारत. यानंही विचारलं, ही कोण? म्हाताऱ्यानं सांगितलं, माझी लेक. शिपायानं जाऊ दिलं. आता खोच इतकीच, की त्या म्हाताऱ्याला लेकरूबाळ काहीच नव्हतं.

आम्ही त्याला ठाण्यात आणलं. उंच, वाळलेला, तोंडाला कुलूप लावल्यासारखा. बाई गाडीत बसवली हे कबूल, पलीकडे उतरवली हेही कबूल. पुढे काय, तर म्हणे ठावं न्हाई. मग लेक म्हणून काहून सांगितलंस? ती रडून राहिली होती म्हणून, म्हणाला. बस्स. मी आडवे-उभे प्रश्न घातले, जमादारांनी गोडीनं विचारलं, त्याच्या बायकोला समोर आणलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि तीही म्हणाली, ठावं न्हाई. ठाण्यातले जवान हात शिवशिवत उभे होते. मी नको म्हणालो. मारून कबुली मिळते, हरवलेली बाई मिळत नाही.

तेवढ्यात नदीच्या लव्हाळ्यात अडकलेलं एक लुगडं सापडलं. सासऱ्यानं किनार पाहून लगेच ओळखलं. पंचनामा झाला आणि प्रकरणाचा रंगच बदलला. वर कळवावं लागलं. मोहतमीम साहेबांचा, म्हणजे परभणीच्या जिल्हा पोलीस प्रमुखांचा, हुकूम आला, आरोपीला खुनाच्या कलमाखाली परभणीला पाठवा. सासरा मुक्काम ठोकून सकाळ-संध्याकाळ ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, याला फासावर चढवल्याशिवाय हलणार नाही.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हाताऱ्यानं खून केला असं वाटत नव्हतं आणि तो खरं बोलतोय असंही वाटत नव्हतं. खुर्चीत बसलो की उठायचो, उठलो की अंगणात येरझाऱ्या घालायचो. एकदा परभणीला गेला की म्हातारा संपला, हे मला दिसत होतं. आणि हवालातीत तो मात्र शांत, जमादारांना विचारायचा की बैलांना वैरण कोण घालतंय.

शेवटी मी ठरवलं, याला पलीकडे न्यायचं आणि बाई कुठे उतरवली ते दाखवायला लावायचं. पलीकडे माझा अंमल नव्हता. म्हणून मी आणि जमादार साध्या कपड्यांत निघालो, बेडी नाही, दोरी नाही. घाटावर तुरीची पोती भरलेली एक गाडी उभी होती. मी, ठाण्याचा अमीन, त्या गाडीवानापुढे उभा राहिलो आणि इतरांसारखंच म्हणालो, बाबा, पलीकडपर्यंत बसू द्या. त्यानं आम्हाला वरून खाली पाहिलं आणि पोत्यांवर जागा करून दिली. पाणी लाल आणि फुगलेलं. नाव मधोमध आली तेव्हा माझी नजर एकसारखी म्हाताऱ्याच्या पायांकडे. यानं उडी मारली तर? तो मात्र बैलाच्या वशिंडावर हात फिरवत उभा.

पलीकडे त्यानं एक झाड दाखवलं, इथं उतरवली म्हणाला. तिथून आम्ही गावोगाव विचारत निघालो. भाद्रपदातलं ऊन, डोक्यात जाणारं. म्हातारा दिसेल त्या घरी पाणी मागायचा आणि घटाघटा प्यायचा. दुपारी एका गावात चावडीवर विचारलं, एवढ्यात कुणी नवं माणूस आलंय का. कोतवाल म्हणाला, एका शेतकऱ्यानं नुकताच पाट लावला. बायको निजामाच्या हद्दीतली, तिच्या बापानं स्वतः येऊन लावून दिला. म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, पण बाप हजर. बाप असलेली बाई आमच्या कामाची नव्हती, कारण सासऱ्यानं सुनेचे आईबाप केव्हाच वारल्याचं लिहून दिलं होतं. पण चौकशी अर्धी सोडायची नाही म्हणून तिथं गेलो. तेव्हा पहिल्यांदा म्हातारा मागं रेंगाळला.

घरचा माणूस शेतात होता. बाई बाहेर आली. हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, पदर नीट. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही आणि त्यानं तिच्याकडे. चेहऱ्यावरून ओळखावं तर सासऱ्याला चेहरा माहीत नव्हता. कोण, कुठली, विचारलं, तर धडधड उत्तरं दिली. मी उठणारच होतो.

तेवढ्यात तिनं पाणी आणलं. मी प्यालो, जमादार प्याले. तांब्या म्हाताऱ्यापुढे आला. त्याचे ओठ सुकून पांढरे पडलेले. त्यानं तांब्याकडे पाहिलं आणि हातानंच नको म्हणाला. तहान न्हाई, म्हणे.

मी परत खाली बसलो. माझ्या थोरल्या बहिणीला मूल व्हायला फार उशीर लागला होता. तोवर माझे वडील तिच्या घरी जायचे, ओट्यावर बसायचे, आणि तहानेनं जीव गेला तरी पाणी घ्यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. सगळ्या गावांचं पाणी पिणारा माणूस या एकाच घरी तहानलेला बसला होता.

मी हळूच म्हणालो, "बाबा, लेकीच्या घरचं पाणी चालत न्हाई, व्हय ना?"

म्हातारा भिंतीला टेकला. बाईच्या हातातला तांब्या खाली आला आणि ती माझ्या पुढ्यात बसली. "माझ्या बापाला सोडा, साहेब. मला न्यायचं तर न्या."

मग सगळं बाहेर आलं. त्या घराण्यात पाट चालत नव्हता. नवरा गेल्यावर थोरला दीर अपरात्री तिचं दार वाजवायचा आणि सासरा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पलीकडचा हा शेतकरी तिच्या माहेरच्या ओळखीचा, नांदवायला तयार. गाड्यांना हात करत ती घाटापर्यंत पोचली आणि नावेवर तिनं बोचक्यातलं सासरचं लुगडं स्वतःच्या हातानं नदीत सोडलं. डाग? ते तर घरातच, चुलीमागच्या उतरंडीत खालच्या मडक्यात ठेवून आली होती. पाट लावायला तिच्या बाजूनं कुणी नव्हतं, तेव्हा म्हाताऱ्यानं गाडी सोडली आणि बाप म्हणून उभा राहिला.

मी म्हाताऱ्यावर खेकसलो, जीव जात होता तरी बोलला काहून नाहीस?

तो म्हणाला, "नावेवर हिला लेक म्हणलं, साहेब. पलीकडं उतरल्यावर न्हाई कसं म्हणू?"

माझे डोळे भरून आले आणि जमादार उगाच फेटा सारखा करत राहिले.

तिचा जबाब आणि अंगठा घेतला. परत येऊन पंचांसमक्ष जमीनदाराच्या स्वयंपाकघरातली उतरंड उतरवली. डाग सगळे निघाले. गावासमोर त्याचं तोंड उतरलं. तरी मला बाजूला घेऊन विचारलंच, ती आहे कुठं? मी म्हणालो, नदीपलीकडं, आणि माझी हद्द नदीपर्यंतच आहे. बाई सज्ञान, जिवंत आणि राजीखुशीनं गेलेली, असा अहवाल वर धाडला आणि म्हाताऱ्याला सोडलं.

त्यानंतर जबाब घेताना मी माणूस काय सांगतो हे ऐकलंच, पण काय नाकारतो तेही पाहत गेलो. त्याचा मला पुढे फार उपयोग झाला. तरी चैन पडत नसे. सासऱ्याची माणसं पलीकडे पोचली तर, म्हाताऱ्याला रस्त्यात गाठलं तर, असं काहीबाही मनात यायचं. कनेरगावकडून कुणी आलं की मी आधी त्याच गावाची खबर विचारायचो.

पुढच्या उन्हाळ्यानंतर, नदी पुन्हा भरल्यावर, म्हातारा एक दिवस ठाण्याच्या दारात उभा. मी खुर्चीतून उठलोच. त्यानं मुंडाशाच्या पदरातून गुळाचा खडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"नातू झाला, साहेब," म्हणाला. "काल तिच्या घरी पोटभर पाणी प्यालो."