सोमवारचं धुराडं

माझी थोरली सून जगदेवी नववी शिकलेली आहे आणि मी सातवी. घरात शिक्षणाचा मान कुणाचा असं विचारलं तर तिचाच, आणि तो मी कधी नाकारला नाही. तिचं माहेर उदगीरकडचं, घरात निम्मं कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नव्हते. आम्हाला वाटलं, पोर भित्री आहे. पुढं कळलं की ती भीत नव्हती, बघून राहिली होती.

बघायचं आणि मांडून ठेवायचं, ही तिची खोड. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर दुसऱ्या कुणाला वाचताच येत नाही. म्हैस कधी लागली, गॅस कधी आला, कुठली कोंबडी खुडूक बसली, सगळं तिच्या खुणांनी तिथं लिहिलेलं असतं. एकदा माझा मुलगा म्हणाला, "कॅलेंडरमधी तारीख तरी दिसू दे." ती म्हणाली, "तारीख मोबाईलात बघा. कोंबडी मोबाईलात न्हाई."

शिरूर अनंतपाळपासून आमचं गाव फार लांब नाही. गावाच्या खालच्या अंगाला साखर कारखाना. त्यानं बारा वर्षांमागं वीज करायचं यंत्र बसवलं. ऊस पिळून उरलेला भुसा जाळायचा, त्याच्या वाफेवर वीज करायची आणि सरकारला विकायची. यंत्र सुरू झालं त्या दिवशी मीसुद्धा नवं धोतर नेसून बघायला गेलो होतो. उगाच कशाला नावं ठेवू, मला त्या उंच धुराड्याचं लई कौतुक होतं. आमच्या उसाची वीज होते म्हटल्यावर कुणाला कौतुक वाटणार नाही?

जगदेवीनं गावातल्या आठ बायांना घेऊन बचत गट केला आणि कुरडयांचा धंदा मांडला. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक गाळायचा, शिजवायचा आणि सोऱ्यानं पांढऱ्या कापडावर कुरडया घालायच्या. आमचं घर आता स्लॅबचं आहे, तरी गच्चीला आम्ही माळवदच म्हणतो. त्या माळवदावर उन्हात कुरडया वाळायच्या आणि उदगीरचा वीरेश, तिच्या माहेरच्या शेजारातला दुकानदार, त्या उचलायचा. चार वर्षं झकास चाललं. मग वीरेशनं माल परत पाठवायला सुरुवात केली. पांढऱ्या कुरडईवर काळे ठिपके. गिऱ्हाईक म्हणे, यात काय पडलं?

पडत होती ती धुराड्याची राख. काळी, हलकी, तिळाच्या सालीएवढी. बोटानं झटकली की पसरायची आणि ओल्या चिकात रुतून बसायची.

जगदेवी आधी कारखान्यात गेली. वीजघराचे साहेब हरिओम म्हणून होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला तिखट. मी सोबत होतो.

"ताई, चीक चुलीवर शिजवता ना?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मग काजळी चुलीची असंल की. आमच्या धुरावर पाण्याचा फवारा हाय. राख तिथंच खाली बसती."

"चूल अंगणात हाय सायब, कुरडई माळवदावर. काजळी काय जिना चढून येती व्हय?"

साहेब हसले, चहा पाजला आणि आम्हाला वाटेला लावलं.

घरी येऊन तिनं स्वतःच्या हातानं प्रदूषणाच्या मंडळाला अर्ज लिहिला. अर्जाला राखेची पुडी टाचली. मला वाटलं, ही पुडी कुणीतरी केराच्या टोपलीत टाकणार. पण पंधरा दिवसांत उत्तर आलं. गावकऱ्यांसमक्ष पाहणी करू, धुराड्यातली राख मोजू, ग्रामपंचायतीनं सोयीचा दिवस कळवावा.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट सांगतो. ग्रामसेवक बालाजी माझ्याकडं आला. "अप्पा, दिवस कोणता कळवू?" मी छाती पुढं काढून म्हणालो, "सोमवार कळव. सोमवारी सगळं गाव घरी असतं."

असतंच. आम्ही लिंगायत माणसं. सोमवार महादेवाचा, म्हणून त्याच्या नंदीचा. त्या दिवशी आमच्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मी सोळा वर्षांचा असताना एका सोमवारी गुपचूप गाडी जुंपली होती. वडिलांनी वेशीतून परत आणली, बैल सोडले आणि मला दिवसभर त्यांच्या जागी दावणीला बसवलं. माझ्यापुढं कडबाही टाकला. येणारा-जाणारा विचारायचा, "नवीन खोंड घेतला का?" त्यानंतर माझी सोमवार मोडायची छाती झाली नाही. आमच्याच नाही, आजूबाजूच्या तीन गावांतही हीच रीत. सोमवारी ऊसतोडसुद्धा बंद. तोडणीवाल्या टोळ्या त्या दिवशी बाजार करतात.

तर सोमवार ठरला. मंडळाच्या पुनम मॅडम आल्या, किनवटकडच्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. लोखंडी शिडीनं सरसर धुराड्यावर चढल्या. वर एक भोक ठेवलेलं असतं, त्यातून नळी घालून धूर ओढून घेतात. नळीत कागदाची छोटी टोपी असते, तिच्यात राख अडकते. टोपी आधी तोललेली, नंतर पुन्हा तोलायची. मग माळवदावर आल्या. कुरडया दुधासारख्या पांढऱ्या. एक ठिपका नाही.

"कुठंय काजळी?" हरिओम साहेबांनी विचारलं.

जगदेवी एकेक कुरडई उलटून बघू लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, एवढं मी पाहिलं.

अहवाल आला. घनमीटरभर धुरात दीडशे मिलिग्रॅम राखेची मर्यादा, आकडा एकशे अठरा. तिनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा गावानं दिवस कळवला, पुन्हा सोमवार, पुन्हा माझाच सल्ला. आकडा एकशे एकवीस. या वेळच्या पत्रात एक ओळ जास्तीची होती. तिसऱ्या पाहणीतही राख मर्यादेत आढळली तर तक्रार निकाली काढण्यात येईल. त्याच आठवड्यात वीरेशचा फोन आला. "अक्का, आणखी एक खेप ठिपक्याची आली तर मला दुसरीकडून माल घ्यावा लागंल. माझंबी दुकान हाय."

म्हणजे तिसऱ्या पाहणीवर नऊ बायांचा धंदा टांगलेला. गावात कुजबुज सुरू झाली. पारावर एक दुकानदार मला म्हणाला, "अप्पा, तुमच्या सुनंला डोळ्याचा डॉक्टर दाखवा." मी त्याला म्हणालो, तिच्या डोळ्यांनी बघितलं तर तुझ्या दुकानातला तराजूही उघडा पडंल. आतून मात्र मला काळजी होतीच.

आणि मग तिसऱ्या पाहणीआधीचा एक सोमवार. दुपारची वेळ. मी गोठ्यात बैलांना पेंड चारून राहिलो होतो. जगदेवी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून हातात घेऊन आली.

"मामा, तुम्ही कारखान्याला गाडी किती वर्सं हाणली?"

"एकतीस हंगाम." ही गोष्ट मला कुणी विचारली की माझी मान ताठ होते.

"सोमवारी यार्डात गाड्या किती असायच्या?"

"सोमवारी? आपल्या चार गावांची एक गाडी न्हाई. लांबचे ट्रॅक्टर तेवढे. निम्मं यार्ड मोकळं. रविवारी रातीच सगळा ऊस पिळून होतो, मग सोमवारी कारखाना नुसता..."

मी पेंडीची पाटी खाली ठेवली.

"बोला की पुढं," ती म्हणाली.

ऊस निम्मा, म्हणजे भुसा निम्मा. भुसा निम्मा, म्हणजे वाफ निम्मी आणि धुराचा जोर निम्मा. एकतीस हंगाम मी त्या यार्डात बैल सोडले होते आणि हे मला सुचलं नव्हतं. तिनं कॅलेंडर माझ्यापुढं धरलं. राख पडली त्या दिवशी काळा ठिपका. दोन महिन्यांत सोमवारचा एकही रकाना काळा नव्हता.

"मला वाटायचं, देवाचा दिवस, देव राखतो," ती म्हणाली. "ह्यो बघा अहवाल. बॉयलरचा भार ताशी छत्तीस टन वाफ, दोन्ही वेळंला. कारखान्याच्या पाटीवर सत्तर लिहिलंय. ह्या आकड्याचा अर्थ मला आज लागला."

"आन सोमवार कुणी सांगितला होता?" मी विचारलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

"सांगणारे गोठ्यात उभे हायत," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा.

बालाजीनं तिसरं पत्र टाईप करून ठेवलं होतं, त्यातही सोमवार. ती पंचायतीत गेली. बालाजी म्हणाला, "वहिनी, दुसऱ्या दिवशी गावातलं कोण येणार? तोडणी जोरात हाय."

"मी येती. आन मामा येतील. त्यांना काय काम हाय?"

हे खरं असलं तरी चारचौघांत बोलायची गरज नव्हती.

तिनं पुनम मॅडमना फोन लावला, आवाज मोठा करून, म्हणजे मलाही ऐकू यावं. सगळं सांगितलं. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "भाराचा आकडा मीच लिहिला होता. कारखान्यानं सांगितलं, आज ऊस कमी आहे, आणि मला ते खरं वाटलं. खरंच होतं. आमच्या किनवटकडं सोमवारी बैल जुंपतात, ताई. मला कसं कळणार? नियम असा आहे की कारखाना नेहमीसारखा चालू असताना मोजायचं. आता दिवस कुणीच कळवायचा नाही. मी येईन."

मॅडम एका गुरुवारी सकाळी दहाला आल्या आणि कारखान्याच्या फाटकातूनच फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांमागं गाड्या, बैलांच्या घंटा, ट्रॅक्टरची धडधड. हरिओम साहेब सामोरे आले.

"आज अचानक?"

"आज बैल कामावर हायत सायब," जगदेवी म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, तक्रारदारानं खाली थांबून शेवटी सीलवर सही केली तरी चालेल. साहेबांना राहवलं नाही. "वर काय करतात ते बघायचं असंल तर ताईंनीबी यावं की." चेष्टेतच म्हणाले.

"टोपी द्या," ती म्हणाली.

तिनं कासोटा घालून पदर कमरेला खोचला, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघितला. मॅडम आणि साहेब पुढं, ती मागं, आधी बॉयलरच्या लोखंडी जिन्यानं, मग धुराड्याच्या शिडीनं. मी खालून बघून राहिलो होतो. गाडीवाले बैल सोडून बघायला आले. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, सून चालली की सर्गाला." मी म्हणालो, "जाऊन परत येणारी हाय ती." शिडीच्या मध्यावर ती एकदा थांबली. साहेबांनी वरून विचारलं, "उतरता का?" तिनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण साहेब पटकन वर सरकले.

पाऊण तास वर होते. नळीतली कागदी टोपी निघाली ती बुक्का लावल्यासारखी काळी. तिथंच सील झालं आणि पंच म्हणून जगदेवीनं सही केली, पूर्ण नाव, गावासकट.

उतरल्यावर मी विचारलं, "काय दिसलं?"

"आपलं माळवद. काळं सारवल्यावानी दिसतंय, मामा."

अहवाल यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत तिनं गहू भिजवलाच नाही. बाया येऊन विचारायच्या, ती म्हणायची, "थांबा." बालाजी पत्र घेऊन सायकलीवरून आला आणि दारातूनच आकडा सांगितला. तीनशे बेचाळीस. मग मंडळाचा हुकूम आला. दुरुस्ती होईपर्यंत बॉयलर निम्म्याच भारानं चालवायचा, फवारा पुरता नीट करायचा, पुढच्या हंगामात पुन्हा मोजणी, आणि फाटकावर रोजचा आकडा सगळ्यांना वाचता येईल असा लावायचा.

हरिओम साहेब स्वतः घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "ताई, फवाऱ्याची निम्मी तोंडं राखेनं बुजली होती. निम्म्या भाराला उरलेली पुरत होती, म्हणून आमच्याबी ध्यानात आलं न्हाई."

जगदेवीनं गेल्या खेपेतल्या कुरडया तळून ताटली पुढं ठेवली. "खा सायब. यात काळं असंल ते तुमचंच हाय."

साहेबांनी खाल्ल्या. दोनदा मागून घेतल्या, तेव्हा मला तो माणूस आवडला.

या हंगामात पुन्हा मोजणी झाली, भर गाळपात, बुधवारी. शहाण्णव. फाटकावरचा आकडा शेताला जाणाऱ्या बाया आता येता-जाता वाचतात आणि जास्त दिसला की जगदेवीला हाक मारतात. माघात सलग सहा दिवस कुरडया घातल्या, एकाही दिवशी ठिपका पडला नाही. वीरेश टेंपो घेऊन स्वतः आला, एक कुरडई मोडली, उजेडाला धरली आणि म्हणाला, "अक्का, पुढच्या खेपंला दुप्पट." तिनं लगेच हो म्हटलं नाही. बायांना विचारून सांगते म्हणाली.

कारखान्याच्या पलीकडच्या गावांतल्या बायाही आता तिच्याकडं येऊ लागल्या आहेत, अर्ज कसा लिहायचा ते विचारायला. मला तिनं माळवदावर पाखरं हाकायला बसवलंय, हातात काठी आणि डोक्यावर तिच्या मुलाची जुनी टोपी. बाया खालून हाका मारतात आणि मी वरूनच सांगतो, जगदेवी घरातच हाय, आत जा. वर यायचं असंल तर चपला काढून या.