रंगवलेली तबकडी

काल पणजीतल्या एका दुकानात बाबांच्या घड्याळासारखंच उंची जपानी घड्याळ भिंगाखाली पाहिलं. चंदेरी तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत केसाहून बारीक रेषा होत्या. घड्याळ जरा कलतं केलं की प्रकाश त्यांवरून सरकायचा. संतापाने माझे कान तापले.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी बी.ए. झालो, घरातला पहिला. बाबा पाळीच्या खाणीवर ट्रक चालवत. कुवेतहून काकांनी आणलेलं स्वतःचं घड्याळ मला द्यायचं म्हणून त्यांनी ते डिचोलीच्या घड्याळजीकडे साफ करायला दिलं. त्याने न विचारता तबकडीवर पांढरा रंग फासला, आकडे हाताने काढले आणि वर म्हणाला, "एकदम नवी केल्या, भाऊ."

बाबा ते उन्हात धरून, हात हलवून उजेड पूर्वीसारखा फिरतो का ते बघत राहिले. "पयलीं हात हालयलो की उजवाड डायलार फिरतालो. आतां फिरना."

"बाबा, ती जुनी झाली होती," मी समजावलं. "आता कशी स्वच्छ दिसते."

त्यांनी मान डोलावली आणि घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. घड्याळजीचा राग येतोच. पण बाबांना बरोबर दिसलं होतं आणि शिकलेला मुलगा सांगतो म्हणून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना खोटं मानलं, हे मला सहन होत नाही.