मडमबाईंची गोड पोळी

नात तव्यावर पॅनकेक घालते तेव्हा मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसते. अंडं आणि साखर एकत्र भाजल्याचा तो हिवस वास आला, की या वयातही मला मळमळतं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. नगरच्या मिशन बोर्डिंगात आमच्या अमेरिकन मडमबाईंनी एका रविवारी आम्हा मुलींसाठी ही पोळी केली. जाड, स्पंजासारखी, वरून काकवी ओतलेली. शेजारची सगुणा कुजबुजली, "लई वंगाळ वास हाय गं." मी तरी घास घेतला. तो गिळगिळीत गोडवा जिभेला लागला आणि मी बाईंच्या समोरच थुंकले.

बाई रागावल्या नाहीत. "माझी आई दर रविवारी हे करते," एवढंच म्हणाल्या आणि माझी ताटली ओढून स्वतः खाऊ लागल्या.

किळस अजून तशीच आहे, तिला माझा इलाज नाही. पण हल्ली त्या वासाबरोबर आमची पंगतही आठवते. बाई रोज आमच्यात मांडी घालून ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा खायच्या. डोळ्यांतून पाणी गळायचं, पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.