उखर्डूची साठी

आमच्या तालुक्यात माझ्या वयाची निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. यात देवाचा काही हात नाही, हेडमास्तरांचा आहे. पोराला शाळेत घालायला आणलं की आई सांगायची, पोळ्याच्या आगेमागे झाला, नाहीतर भुईमूग उपटत होते तेव्हा झाला. हेडमास्तर एवढं ऐकून घ्यायचे आणि दाखल्यावर एक जून लिहून मोकळे व्हायचे. मी स्वतः एक जूनचा, सुकदेव एक जूनचा, आणि ज्याच्यामुळे हे सगळं रामायण झालं तो उखर्डूही एक जूनचाच. अशा तारखेला केक कापणाऱ्यांची मला पूर्वी नुसती गंमत वाटायची.

उखर्डू माझा शेजारी. अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये तो पस्तीस वर्षं काटेवाला आहे. कापसाची गाडी आली की काट्यावर घ्यायची आणि वजन सांगायचं, एवढंच काम. पण त्याने सांगितलेलं वजन शेतकरीही मानतो आणि मालकही मानतो, आणि या दोन माणसांचं आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाही. बोलणं कमी, खाणं बेताचं, व्यसन नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी यायचं आणि आईसमोर उभं राहायचं, हा त्याचा नेम. आई म्हणजे इंदिरामाय, पंचाऐंशीची. ती त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघते आणि मगच जेवते.

हे बघणं उगाच नाही. उखर्डूच्या आधीची तिची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली. चौथा हा झाला तेव्हा तिने जुन्या बायका करायच्या तेच केलं. पाचव्या दिवशी गावाबाहेरच्या उकिरड्यावर ठेवून ती मागे न बघता घरी आली. माझ्या आईने त्याला तिथून उचललं, गल्लीत आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा माझा आहे, उकिरड्यावर सापडला, 'मना शे हाऊ. उखर्ड्यावर सापडना.' मग इंदिरामायने सूपभर ज्वारी माझ्या आईच्या पदरात घालून तो मागून घेतला. म्हणजे मृत्यू इंदिरामायचा मुलगा शोधत आला तर त्याला तो सापडायचा नाही, कारण तो तिचा नाहीच, तो उकिरड्यावरचा. नावही त्यामुळेच पडलं. आणि त्याच दिवसापासून घरात कुणी त्याचं वय मोजायचं नाही असं ठरलं. मोजलं की तो नजरेत येईल. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, थंडीचे दिवस होते, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढे मी विज्ञानाचा मास्तर झालो. तीस वर्षं पोरांना सांगितलं की लिंबू-मिरचीने काही होत नाही. त्यामुळे उकिरड्याची गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नाही. घरातल्या वेड्या माणसाबद्दल बोलत नाहीत, तसं.

आता नवीन. जिनिंगच्या मालकाचा मुलगा, पंचेचाळीसचा, माझा विद्यार्थी. दहावीला मी त्याला विज्ञानात पास केलं, हा माझ्या नोकरीतला एक डाग आहे. नवीनला सरप्राइज फार आवडतं. बायकोला सरप्राइज देतो, मिलच्या वॉचमनला देतो, आणि प्रत्येक वेळी मोबाइल समोर धरून आपला स्वतःचा आनंद आधी टिपून घेतो. मे महिन्यात रजिस्टर चाळताना त्याला दिसलं की उखर्डू लोटन एक जूनला साठ पूर्ण करतो. तो सुकदेवला भेटला.

सुकदेव बँकेतून रिटायर झालेला. दहा वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर हिमालयात गेला होता, आणि अजून उतरलेला नाही. अमळनेरच्या बाजारात भाजी घ्यायलाही तो ट्रेकिंगचे बूट घालून जातो. त्याने फर्मान काढलं की साठी हॉटेलात करण्यात मजा नाही, साठी डोंगरावर करायची. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यात एक डोंगर आहे, वर सपाटी आहे, तिथे केक कापू. एक जूनला, खानदेशात, डोंगर! पारा चव्वेचाळीसला, सागाला पान नाही, आणि हे दोन शहाणे सावली नसलेल्या जागी मेणबत्त्या लावायला निघाले होते.

मला त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. येणार ना?"

त्या वेळी मी सांगायला हवं होतं, त्याची साठी मोजू नका, त्याची आई जिवंत आहे. जिभेवर आलंही होतं. पण नवीनसमोर, ज्याला मी अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावला होता त्याच्यासमोर, उकिरड्याची गोष्ट सांगायची? शिवाय गाडी एसीची होती आणि सातपुडा मी चार वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हणालो, "येईन की."

उखर्डूला सांगितलं की शिरपूरच्या एका मिलचा काटा बिघडलाय, तपासायला जायचंय. तो पहाटे पिशवी घेऊन हजर. पिशवीत काटा तपासायची पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं आणि भाकरी. निघताना दुपारपर्यंत परतायचा शब्द देत दारातून आईला म्हणाला, "दुपारलोंग ई जासू, माय." गाडीत बसल्यावर नवीनने त्याच्याकडून फोन मागून घेतला, माझा बंद पडलाय म्हणून. बंद करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि मला आरशातून डोळा मारला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

शिरपूर मागे पडलं तेव्हा उखर्डूने विचारलं, "कोठे जाई ऱ्हायनूत आपन?"

"सरप्राइज!" नवीन म्हणाला. मालकाच्या मुलाला दोनदा विचारायचं नसतं, हे उखर्डू पस्तीस वर्षांत शिकला होता.

पायथ्याच्या पाड्यावर वाट दाखवायला रुपसिंग नावाचा माणूस घेतला. पन्नाशीचा, हडकुळा, आयुष्य त्याच डोंगरात गेलेलं. आमच्याकडे आणि केकच्या खोक्याकडे त्याने आळीपाळीने पाहिलं.

"कशाला वर जाता?" तो म्हणाला.

"वाढदिवस आहे," नवीन म्हणाला.

"खाली नाही होत का?"

सुकदेवने काठी टेकली आणि डोंगरात श्वास कसा घ्यायचा हे रुपसिंगला समजावून सांगायला लागला. रुपसिंगने ते ऐकून घेतलं. अशी माणसं फार सभ्य असतात.

आठ वाजता चढायला लागलो. नऊला सुकदेवचा हिमालय संपला. दहाला माझे गुडघे संपले. नवीन दर वळणावर थांबून मोबाइलशी बोलत होता, "फ्रेंड्स, आज आपण एका खूप साध्या माणसाला..." आणि तो साधा माणूस पिशवीतलं दहा किलो लोखंड घेऊन पुढे चालला होता, कारण मिलची वजनं गाडीत टाकून जायची त्याला सवय नव्हती. वाटेत त्याने सुकदेवची सॅकही घेतली. ज्याला डोंगर भेट द्यायला आणलं तोच आमचं सामान वाहत होता, आणि नवीन त्याचंही शूटिंग करत होता.

साडेअकराला वर पोचलो. केकचं तोवर पिठलं झालं होतं. नवीनने दोन मोठे चंदेरी फुगे फुगवले, एक सहाचा आणि एक शून्याचा. सहाचा काट्याला लागून फुटला. नवीनने 'बर्थडे बॉय' लिहिलेला चमकता पट्टा उखर्डूच्या गळ्यात घातला आणि ओरडला, "नाना, साठ पूर्ण!"

उखर्डूचा चेहरा असा उतरला की मी तरी विसरणार नाही. "कोनी सांगं तुमले?" त्याने विचारलं.

"रजिस्टरात आहे ना, नाना!"

तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमले तं माहीत शे."

मी केकच्या खोक्याकडे बघितलं.

"मना फोन दे रे भो," तो नवीनला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मालकाच्या मुलाला अरेतुरे केलं असेल. "मायले समजी तं?"

"समजी तं काय!" नवीन हसला. "अख्ख्या गावाला समजलंय. तुमच्या स्टँडवर सकाळी सातलाच बारा फुटी फ्लेक्स लावलाय. तुमचा फोटो, खाली आमचे फोटो. साठीनिमित्त हार्दिक शुभेच्छा!"

उखर्डूने पिशवी उचलली आणि उतरायला लागला. केकला त्याने हातही लावला नाही. वर रेंज नव्हती आणि त्याचा फोन खाली गाडीत कुलपात होता. पन्नास पावलं गेला असेल तोच मागे सुकदेव कोसळला. तोंड लालभडक, घाम बंद, डोळे फिरलेले. पाण्याच्या बाटल्या वाटेतच संपल्या होत्या, नवीनने त्यातल्या दोन हात धुवायला वापरल्या होत्या. रुपसिंग झऱ्याचं पाणी आणायला पळाला. उखर्डू वाटेत उभा राहिला. खाली घर होतं आणि वर सुकदेव होता. मी त्याला "तू जा" म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही, कारण मला आणि नवीनला सुकदेव उचलता आला नसता.

तो परत वर आला. सुकदेवला पाणी पाजून, ओला रुमाल डोक्यावर बांधून त्याने आणि रुपसिंगने त्याला आळीपाळीने पाठीवर घेऊन उतरवलं. वजनांची पिशवी मी घेतली. दहा किलो किती असतात ते मला तेव्हा कळलं. पायथ्याला यायला साडेतीन वाजले. गाडीत फोन चालू केला तर त्याच्या बायकोचे, कुंदाबाईचे, सव्वीस मिस्ड कॉलचे मेसेज. त्याने लावला. पलीकडून कुंदाबाई एवढंच म्हणाली, "लवकर या. माय उखर्ड्यावर जाई बसनी. सकायपासून पानी पेत नही."

सुकदेवला शिरपूरला दवाखान्यात त्याच्या मेहुण्याच्या हवाली केलं. तिथून गावाकडे निघालो. नवीनने एकदा "आजींना गैरसमज झाला असेल" असं म्हणून पाहिलं. उखर्डू गळ्यातला पट्टा नुसता हातात चुरगाळत होता.

घडलं होतं ते असं. सकाळी नऊला दळण आणायला निघालेल्या इंदिरामायने स्टँडवर आपल्या मुलाचा चेहरा पाहिला, माणसाएवढा, भोवती फुलं. तिला वाचता येत नाही. शेजारच्या बाईने आनंदाने वाचून दाखवलं, उखर्डू नानाले साठ वरीस पुरं व्हयनात. इंदिरामायने विचारलं, तो कुठे आहे? शिरपूरला काटा तपासायला गेला, यापलीकडे कुणाला माहीत नव्हतं. फोन लावला, बंद. सगळ्या गावासमोर त्याचं वय मोजलं गेलं होतं आणि त्याच दिवशी तो नाहीसा झाला होता. ती घरी गेली, सुपात ज्वारी भरली आणि गावाबाहेर जाऊन बसली.

तो उकिरडा आता तसा राहिलेला नाही. स्वच्छता अभियानात ग्रामपंचायतीने तो साफ करून तिथे 'सेल्फी पॉइंट' अशी कमान उभारली आहे. कमानीसमोर कुणी सेल्फी काढत नाही, कारण कमानीच्या मागे गावाने पुन्हा कचरा टाकायला सुरुवात केली. इंदिरामाय त्या कचऱ्याच्या कडेला बसली होती. मांडीवर सूप. ओठ पांढरे पडलेले. कुंदाबाई नऊ तास तिच्यावर छत्री धरून उभी होती. मागे अर्धं गाव, त्यातले निम्मे माझे विद्यार्थी. सूर्य टेकला होता.

उखर्डू धावत जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. "माय, मी उनू."

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पण कुंदाबाईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या हातात घेतला नाही. "इतला वरीस मी कोनले मोजू दिधं नही," ती म्हणाली. आवाज जवळपास उरलाच नव्हता. मग तिने कचऱ्याकडे बोट दाखवलं.

साठ वर्षांचा तो माणूस, ज्याच्या शब्दावर तालुक्याचा कापूस तोलला जातो, क्षणभरही थांबला नाही. पट्टा बाजूला टाकला, प्लास्टिकच्या पिशव्या आणि नारळाच्या कवट्या यांच्यात तो पाय पोटाशी घेऊन आडवा झाला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

नवीन मदतीला पुढे झाला. इंदिरामायने हात हलवून त्याला बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुनी मायनी उचला व्हता, मास्तर. आते तू उचल."

नवीनचा मोबाइल वर आला होता. "नवीन, खाली ठेव ते," मी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, आणि त्याने ठेवला. तीस वर्षांत मी त्याला शिकवलेली तेवढी एकच गोष्ट.

मी कचऱ्यात उतरलो. त्याच्या काखेत हात घातले. उचलणं कसलं, त्यानेच पायावर जोर दिला आणि मी नुसता धरला. त्याच्या डोक्यावरून मला गाव दिसत होतं, आणि माझ्याकडून विज्ञान शिकलेली ती सगळी तोंडं.

"कोना शे हाऊ?" इंदिरामायने विचारलं.

मला लाज वाटत होती, आणि ती उकिरड्याची नव्हती. मी मोठ्याने म्हणालो, "मना शे. उखर्ड्यावर सापडना."

"कितला वरीसना?"

"कोनले माहीत!"

तिने मान हलवली. सूप उचलून ज्वारी माझ्या शर्टाच्या ओच्यात ओतली, मुलाचा हात आपल्याकडे ओढून घेतला, आणि मग कुंदाबाईच्या हातातला तांब्या तोंडाला लावला. घोट घशाखाली उतरताना सगळं गाव बघत होतं.

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. उखर्डू दुसऱ्या दिवशी काट्यावर होता, त्याने आधी माझ्याकडून दोन्ही वजनं मागून घेतली आणि पुसून जागेवर ठेवली. माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो, म्हणजे कमी. इंदिरामाय अजून आहे. ज्वारी माझ्या घरी डब्यात आहे. बायको अधूनमधून विचारते, दळून आणू का. मी नको म्हणतो. ती विचारते, का नको. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण त्याचं उत्तर मला देता येत नाही.