हवालदाराची भाकर

तात्यारावांच्या अंगणात कोंबड्यांनासुद्धा दाणे फेकले जात नसत. जर्मनच्या पसरट थाळीत ज्वारी घालून ती बाभळीखाली ठेवायची, अशी त्या घराची रीत होती. ताडकळसच्या बाजाराहून परतणाऱ्या बाया ते पाहून हसत. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना मात्र या रीतीचं मूळ ठाऊक होतं. तात्यारावांची आई सरजाबाई दिवस मावळताना गावात भाकर मागायला जात असे. उंबऱ्याच्या आतून भाकर फेकली जाई. पदरात आली तर आली, नाहीतर मातीत. लहानग्या तात्यानं विचारावं, "माय, भाकरीला माती कशानं लागली गं?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे: "पडली रं हातातून." कुणाच्या हातातून, हे तिनं कधी सांगितलं नाही. पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तात्यारावांनी घरासाठी एकच नियम केला. या दारात भाकर फेकायची नाही आणि फेकलेली उचलायची नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात वस्तीतली काही घरं जळाली. तात्यारावांचं छप्पर गेलं, कडबा गेला. पुढे नवे पत्रे चढले, पण त्या पत्र्यांखाली पूर्वीची झोप परतली नाही. मुलगी सत्यशीला परभणीला शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होती. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिनं बजावलं, "दोघंच ऱ्हाता तुमी. कुत्रं तरी पाळा." त्याच सुमारास गावातले मोठे जमीनदार दिनकरराव मुलांच्या शाळेसाठी परभणीला राहायला गेले. जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिली गेली आणि त्यांच्या आखाड्यावरचा, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरचा, राखणीचा कुत्रा मागे उरला. तात्यारावांची बायको कुसुमबाई तिथे कापूस वेचायला जात. सालगडी चंद्रभाननं कुत्र्याची दोरी त्यांच्या हातात दिली. नाव सांगितलं, हवालदार.

कुत्रं वस्तीत शिरताना शेजारच्या सुलाबाईनं पाहिलं. "वैनी, गेल्या साली घरं जळताना बोलवून हवालदार आला न्हाई, म्हणून आवंदा दोरी बांधूनच आणलाव काय?"

कुसुमबाई हसल्या. त्यांना असं हसताना पाहून तात्यारावांनाही बरं वाटलं.

हे समाधान टिकलं नाही. हवालदार जेवेना. थाळीत भाकर कुस्करून ठेवली की तो पुढे सरके, हुंगे आणि मागे जाऊन दोरी ताणून बसे. वरून ताक ओतून पाहिलं. भाकर दगडावर ठेवून पाहिली. कुसुमबाईंनी ती तळहातावर धरली, तर त्यानं भाकरीऐवजी त्यांच्या हाताकडे पाहिलं, जणू त्या हातानं काहीतरी करायचं राहून गेलं होतं. पाणी मात्र तो हापशाखालच्या डबक्यातलं पिई.

"आजारी हाय का आवं?" कुसुमबाईंनी विचारलं.

उत्तर सुलाबाईनं कुडापलीकडून दिलं. "आजारी कशाचं? मालकाच्या आखाड्यावरचं कुत्रं ते. तुमच्या चुलीवरचं खाल्लं तर बाटंल की!"

ती थट्टाच होती आणि सुलाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तात्यारावांनी ती थट्टा म्हणून घेतली नाही. त्यांनी कुत्र्याकडे पाठ केली. "घर जाळलं ते एकदा जाळलं," ते म्हणाले. "हे तर दारात बसून रोज सांगायलंय."

त्यांनी दोरी सोडून दिली. हवालदार सरळ आखाड्याकडे गेला आणि संध्याकाळी लंगडत परत आला. बटईदाराचं स्वतःचं कुत्रं होतं, हातात काठीही होती. आता त्याला जायला कुठे जागा नव्हती. बरगड्या दिसू लागल्या होत्या. राखणीसाठी आणलेला तो प्राणी वाऱ्यानं पत्रा वाजला तरी मान उचलेनासा झाला.

कुसुमबाई चंद्रभानकडे गेल्या. तो आता दुसऱ्याच्या बैलांपुढे वैरण टाकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"बाई, ठेवलेलं खाणार न्हाई ते. आमच्या भाकरीची गाठोडी दिवसभर शेताच्या धुऱ्यावर, बांधाला पडलेली असायची. तोंड लावलं की मालकाची काठी. पिल्लू असल्यापासून तसंच शिकवलंय. ठेवलेलं दुसऱ्याचं, फेकलेलं तेवढंच आपलं. लांबून फेका, बघा कसं झेलतंय."

"फेकल्याबिगर न्हाईच का, चंद्रभानभाऊ?"

"आता या वयात काय शिकणार ते?"

वाटेनं परतताना कुसुमबाईंना सुटल्यासारखं वाटलं. कुत्र्यानं त्यांना नाकारलं नव्हतं. पण अंगणात बाभळीखालची थाळी दिसली आणि सुटका किती अपुरी होती ते त्यांच्या ध्यानात आलं.

तात्यारावांनी सुपारी कातरत सगळं ऐकलं.

"म्हंजी त्यालाबी शिकवलंच की," ते शेवटी म्हणाले.

"मी मागल्या अंगाला जाऊन फेकते. तुमी बघू नका."

"बघायचा सवाल न्हाई, कुसुम. ह्या घराच्या हातानं ते व्हायचं न्हाई."

"मग मरू द्यायचं का?"

दिवस कलला तशी तात्यारावांनी शिंक्यातली भाकर काढली आणि काठी टेकत अंगणात आले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे. उभ्यानंच त्यांनी हात पुढे केला. "ये," ते म्हणाले. "घे बाबा. तुजीच हाय."

हवालदार उठला आणि दोन पावलांवर थांबला. शेपटी हलली, नजर हातावर खिळली. तात्याराव पुढे सरकले की तो मागे सरके. ते थांबले की तोही थांबे. गुरं परतली, चुलींचा धूर वस्तीवर उतरला, आणि तो म्हातारा माणूस हात पसरून तसाच उभा राहिला. पुढे हात भरून आला. मग बोटं सुटली.

भाकर खाली येण्याआधीच कुत्र्यानं झेप घेतली. निम्मी त्याच्या जबड्यात आली, निम्मी मातीत पडली. मातीतलीही त्यानं उचलली आणि कुडाच्या कोपऱ्यात अंग चोरून खाऊ लागला.

तात्याराव आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत होते. कुसुमबाई लगबगीनं जवळ आल्या. त्यांना धीर द्यायचा होता आणि दुसरं काही सुचलं नाही.

"तुमी कुठं फेकली?" त्या म्हणाल्या. "पडली हातातून."

तात्यारावांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. कोपऱ्यातलं कुत्रं खाऊन पुन्हा पुढे आलं आणि त्यांच्या हाताकडे बघत बसलं.