बिनमुहूर्ताचा नेमबाज

दिंडोरी रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचे मॅनेजर खंडेराव थेटे यांनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बंदूक पाहिली होती ती फक्त बँकेच्या दारात, पेंगणाऱ्या वॉचमनच्या मांडीवर. नेमबाजीचा नाद त्यांना लागला तो मुलीमुळे. स्नेहल कॉलेजात असताना मैत्रिणींच्या नादानं रायफल क्लबात नाव घालून आली. छर्ऱ्याची एअर रायफल, दहा मीटरवर कागदी टार्गेट आणि टार्गेटच्या मधोमध तिळाएवढा ठिपका. ठिपका लागला की दहा गुण. पोरगी एकटी कशी जायची म्हणून खंडेराव सोबत जायचे आणि मागच्या बाकावर शेंगदाणे खात बसायचे. एके दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "काका, बसलाच आहात तर पाच मारून बघा."

काकांनी पाच मारले. पाचवा ठिपक्याला शिवला.

महिन्याभरात स्नेहलला कंटाळा आला आणि तिनं क्लब सोडला. खंडेरावांनी मात्र धरून ठेवला. जुनी रायफल विकत घेतली, अंगाला खरवडणारं कॅनव्हासचं जाड जाकीट घेतलं. क्लब तेव्हा पंचवटीत होता, कार्यालयातून निघालेला माणूस कपातला चहा निवायच्या आत पोहोचेल इतका जवळ. खंडेराव रोज जायचे. कधी सकाळी जायचे आणि संध्याकाळी टोपी विसरली म्हणून पुन्हा जायचे. गेलेच आहोत म्हणून पुन्हा दहावीस छर्रे मारायचे. मंदाबाई, त्यांची बायको, शेजारणीला सांगायच्या, "लोकांचे नवरे देवाला जातात, आमचे ठिपक्याला जातात. पाया पडायचं तेवढं बाकी हाय."

मग क्लबाच्या जागेचा करार संपला. नाशकात दुसरी जागा मिळेना. शेवटी तासाभराच्या वाटेवर घोटीच्या बाजारात एक बंद पडलेली भाताची गिरणी मिळाली आणि क्लबाची अख्खी रेंज तिकडं गेली.

खंडेरावांनी सगळ्यांसमोर छातीठोक सांगितलं, "ज्याला हौस हाय, तो चंद्रावरपण जाईल. घोटी काय लांब हाय?"

पहिल्या आठवड्यात ते तीनदा गेले. दुसऱ्या आठवड्यात रविवारी गेले. त्यानंतरच्या रविवारी पाव्हणे आले, पुढच्या रविवारी गाडीचा टायर बसला, त्याच्या पुढच्या रविवारी टायर चांगला होता पण हायवेवर गर्दी असेल असं वाटलं. रायफल तीच, नेम तोच, हौस तीच. फक्त मधे घोटी आली. पंचवटीतले डॉक्टर, वकील, सगळेच हळूहळू गळाले. उलट घोटीच्या बाजारातला हिरामण नावाचा तांदळाचा व्यापारी, ज्याला रायफलीचं तोंड कुठलं आणि दस्ता कुठला हे ठाऊक नव्हतं, तो रेंज दुकानासमोरच आली म्हणून रोज जाऊ लागला. गिऱ्हाईक तांदूळ निवडत असलं की हा पाच छर्रे मारून यायचा. वर्षभरात तो जिल्ह्यात तिसरा आला.

ही बातमी ऐकून खंडेरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेप आणला आणि कार्यालयाचा जेवणाचा हॉल मोजला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून हात धुण्याच्या बेसिनांच्या भिंतीपर्यंत बरोब्बर दहा मीटर. जणू बांधणाऱ्यानं नेमबाजीसाठीच हॉल बांधला होता आणि जेवणं नंतर सुचली होती.

पत्र्याच्या पेटीत जुन्या सतरंज्या कोंबून त्यांनी छर्रे अडवायची सोय केली. पेटी बेसिनावर ठेवायची, दोन्ही दारांना आतून कड्या घालायच्या, उंबऱ्यावर उभं राहायचं. अडचण एकच होती. लग्न असेल त्या दिवशी हॉल मिळत नसे.

तेव्हापासून खंडेरावांएवढा पंचांगाचा अभ्यासक दिंडोरी रोडवर दुसरा झाला नाही. लोक मुहूर्त शोधतात, हे मुहूर्त नसलेले दिवस शोधायचे. चातुर्मास लागला की त्यांची तब्येत सुधारायची. पितृपक्षात तर ते गुणगुणत असायचे. अधिक महिना आला त्या वर्षी जावई नसतानाही त्यांनी घरात अनारसे करायला लावले. नेमही पंचांगाप्रमाणे चढायचा आणि उतरायचा. भाद्रपदात दहाला दहा. वैशाखात छर्रा भिंतीला लागला तरी मिळवली.

हळूहळू त्यांच्याकडून एक गोष्ट व्हायला लागली. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "एकवीस तारखेला हॉल मोकळा आहे ना?"

"मोकळा आहे की," खंडेराव म्हणायचे आणि कॅलेंडरकडे बघून नुसता सुस्कारा सोडायचे.

"का हो? काय झालं?"

"काही नाही. मी आपला असाच. तुमचे गुरुजी जाणते असतील, त्यांनी बघितलंच असेल."

गिऱ्हाईक घरी जायचं आणि पुढच्या लॉन्सवर लग्न करायचं. कार्यालयाचे मालक दीपकशेठ एकदा म्हणाले, "खंडूभाऊ, आपल्याकडंच लोक का येईनात?"

"जग बदललं, शेठ. पोरं कोर्टात जाऊन सही करतात."

दीपकशेठनी मान डोलावली. त्यांचा पोरगाही तसंच म्हणत होता.

पण मार्गशीर्षात कुणाचंच काही चालत नाही. त्यात पुण्याला ज्येष्ठांची राज्य स्पर्धा होती आणि तिला हिरामण जाणार असल्याचं कळलं होतं. खंडेरावांनीही नाव घातलं, आणि नेमकी त्याच महिन्यात रोज लग्नं. दारांना कडी घालायला क्षण सापडेना. पण कोंडलेल्या माणसाला फट दिसतेच. खंडेरावांच्या लक्षात आलं की मंगलाष्टकं चालू असताना माणूस न् माणूस बाहेर लॉनवर असतो. वाढपीसुद्धा अक्षता टाकायला जातात. जेवणाचा हॉल रिकामा असतो.

त्यांनी वाढप्यांना बजावून ठेवलं, "टाळ्या पडेपर्यंत आत यायचं नाही. फरशी ओली हाय."

बाहेर गुरुजींनी सूर लावला की खंडेराव आत जाकीट चढवायचे. कडवं चालू असताना नेम धरायचा आणि "शुभमंगल सावधान" झालं, की त्या गलक्यात ट्रिगर दाबायचा. फट् असा आवाज व्हायचा, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. लग्नात तो कोण ऐकतो? एका कडव्याला एक छर्रा. नवरीचा काका कवी असला आणि त्यानं घरी रचलेली मंगलाष्टकं माइकवर म्हणायला घेतली, तर कडवी वाढायची आणि छर्रेही. पण हे काका लोक एकेका ओळीवर इतके रेंगाळायचे की नेम धरून हात भरून यायचा. खंडेराव दात खाऊन उभे राहायचे. सावधान आल्याशिवाय सोडायचं नाही. डिसेंबर संपेपर्यंत त्यांचा हात असा स्थिर झाला की रायफलीच्या नळीवर चिमणी बसली असती तरी झोपली असती. गुण चातुर्मासापेक्षाही वर गेले.

पुण्याला ते स्नेहलला घेऊन गेले. वातानुकूलित हॉल, एका ओळीत नेमबाज आणि सगळीकडं चिडीचूप. डावीकडच्या जागेवर कोल्हापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि पार टोकाला हिरामण. 'सुरू करा' झालं. खंडेरावांनी नेम धरला. ठिपका अगदी समोर होता. बोट ट्रिगरवर होतं. आणि बोट हलेना.

एक मिनिट गेलं. रायफल खाली घेतली, पुन्हा धरली. बोट लाकडाचं झालं होतं. घामानं डोळे चुरचुरू लागले. मागं प्रेक्षकांत बसलेल्या स्नेहलला कळेना की पप्पा अजून सुरुवात का करत नाहीत. खंडेरावांना मात्र सगळं कळलं. इथं लग्न नव्हतं.

शेवटी त्यांनी ओठांतल्या ओठांत कडवं म्हणायला घेतलं. सावधान आलं, बोटानं आपोआप ट्रिगर दाबला. दहा. पुन्हा कडवं, पुन्हा दहा. चौथ्या-पाचव्या कडव्याला त्यांना सूर सापडला आणि आवाज थोडा चढला. पंच धावत आले.

"काका, काय पुटपुटताय?"

"मंगलाष्टकं."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. अशीच."

"बंद करा. बाकीच्यांना त्रास होतो."

खंडेराव गप्प झाले आणि बोट पुन्हा लाकडाचं झालं. पण दोनतीन मिनिटांत डावीकडचा हात वर गेला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, त्यांना म्हणू द्या ना. मला लागत होतं चांगलं. ते थांबल्यापासून माझे सगळे बाहेर जायला लागलेत."

"मॅडम, नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात? दाखवा मला." चाळीस वर्षं शाळा चालवलेली बाई ती. पंचांनी मुख्य पंचांना बोलावलं, मुख्य पंचांनी नियमांचं पुस्तक मागवलं. त्यात स्पर्धेच्या वेळी संगीत वाजवायला हरकत नाही असं निघालं. आता प्रश्न असा, की मंगलाष्टक हे संगीत की बोलणं? मुख्य पंच म्हणाले बोलणं, कारण पेटी-तबला नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, चाल आहे म्हणजे संगीत. एका परीक्षकांचं म्हणणं पडलं की चाल असली तरी 'सावधान' ही सूचना होते, आणि खेळाडूला सूचना देणं निषिद्ध आहे. टोकाला हिरामण कुणाकडेही न बघता तांदूळ निवडावा तसा एक एक छर्रा मारत होता.

निर्णय व्हायच्या आत वेळ संपली. मुख्याध्यापिका मधल्या वेळात आठवेल तेवढं कडवं स्वतःच मनात म्हणत राहिल्या होत्या, त्या दुसऱ्या आल्या. हिरामण पाचवा आला. खंडेरावांचे निम्मे छर्रे डबीतच राहिले. यादीत त्यांचं नाव सगळ्यात खाली होतं. मुख्याध्यापिकांनी मात्र निघताना त्यांना गाठलं आणि ते सबंध कडवं मोबाइलमध्ये म्हणून द्यायला लावलं.

परतीच्या गाडीत खंडेराव संगमनेरपर्यंत डबीतले उरलेले छर्रे मोजत बसले. मग एकदम म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नको."

"पप्पा, तिथं पेपरवाले होते," स्नेहल म्हणाली.

सोमवारी पेपरात 'मंगलाष्टकांवर धरला नेम' अशी चौकट आली, आणि त्यात कार्यालयातल्या जेवणाच्या हॉलची हकिगतही आली. स्नेहलनंच ती कौतुकानं सांगितली होती. दीपकशेठ पेपर घेऊन कार्यालयात आले तेव्हा खंडेरावांनी किल्ल्यांचा जुडगा आधीच टेबलावर काढून ठेवला होता.

"खंडूभाऊ, बेसिनाच्या जागी तुम्ही गोळ्या मारता?"

"छर्रे, शेठ."

"सकाळपासून मला फोन यायलेत. तिघांनी विचारलं, तुमच्याकडं लग्न केलं तर पाव्हण्यांना नेमबाजी करायला मिळंल का. तुम्ही हे आधी का नाय बोलले?"

किल्ल्या पुन्हा खिशात घालायच्या की नाही हेच खंडेरावांना कळेना.

महिन्याभरात वरच्या मजल्यावरच्या गोदामात रेंज झाली. पक्की भिंत, चार जागा, दिवे, पंखे. खंडेराव तिचे प्रमुख. कार्यालयातल्याच राहत्या खोलीपासून जिना चढला की रेंज. आता रोज छर्रे मारू, दिवसातून तीनदा मारू, असं ते मंदाबाईंना म्हणाले होते. झालं भलतंच. वरपक्ष आला की आधी वर जायचा. बँडवाले पोशाखासकट रांगेत उभे राहायचे. ज्यांनी जन्मात रायफल पाहिली नव्हती ते सासरे, मामे, मेहुणे जिना चढून येत आणि हौशी होऊन खाली उतरत. काही जण तर कुणाचं लग्न नसतानाही येऊ लागले. एका लग्नाचे गुरुजीच वर अडकून पडले, मुहूर्त टळला, मग दुसरा काढावा लागला, तोही त्यांनीच. खंडेराव दिवसभर छर्रे भरून द्यायचे, लोकांची कोपरं सरळ करायचे, "नळी खाली, नळी खाली" म्हणून ओरडायचे. त्यांची स्वतःची रायफल कोपऱ्यात उभी असायची.

"तुम्ही कवा मारणार?" मंदाबाईंनी एकदा विचारलं.

"बघू. आज जरा लय गर्दी हाय."

परवा तर नवरीच वर आली. मुंडावळ्या बांधलेल्या, हातभर हिरव्या बांगड्या, मागं करवल्यांचा घोळका. खाली गुरुजी माइकवर मुलीच्या मामांना हाका मारत होते. नवरी म्हणाली, "काका, पाचच. नवरदेवाचे पाचांत बत्तीस झालेत, मला कळलंय."

खंडेरावांनी तिच्या बांगड्या कोपराच्या वर सरकवल्या आणि रुमालानं बांधल्या. मुंडावळ्या कानामागं घेतल्या. "गाल दस्त्याला लावा, ताई. श्वास अर्धा सोडा. घाई करायची नाय."

खालून पुन्हा हाक आली. मुलीचे मामा धापा टाकत जिन्यात आले. खंडेरावांनी त्यांच्याकडे न बघता हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं.

"अजून दोन राहिलेत," ते म्हणाले.